पिल्लू नको, पोक्त मांजर घ्या

मा. अध्यक्ष, पदाधिकारी आणि संलग्न संघांचे सर्व सभासद,
महाराष्ट्र ज्येष्ठ नागरिक महासंघ (फेस्कॉम) यांस



पत्राचा विषय मांजर आहे हे पाहून काहींना हसू येईल, काही जण पान उलटतील. पेन्शन, एसटीची सवलत, दवाखान्याची बिले, मुलांकडून होणारी हेळसांड ही तुमच्या बैठकांतली रोजची प्रकरणे, आणि ती मोठीच आहेत. त्यांच्या रांगेत मांजराला बसवण्याचा हट्ट नाही. मागणी लहान आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या, घरात एकट्या किंवा दुकट्या राहणाऱ्या ज्या सभासदांना मांजर पाळावेसे वाटते, त्यांनी पिल्लू न आणता आठ-दहा वर्षांचे, माणसांत वाढलेले मांजर घ्यावे, असे संघांनी उघडपणे सुचवावे. आणि माणूस आधी गेला तर त्या मांजराचे पुढे काय, याची हमी संघाने लेखी घ्यावी. दुसरी गोष्ट करायची तयारी नसेल तर पहिली सांगूच नये, असे माझे मत आहे.

पिंपळगाव बसवंतसारख्या गावात मांजर ‘दत्तक घेणे’ ही भाषाच परकी वाटते. इथे टोमॅटो, कांदा आणि द्राक्षे यांवर गाव चालते. धान्याची कोठी, कांद्याची चाळ, पशुखाद्याची पोती जिथे आहेत तिथे उंदीर आहेत, आणि उंदरांमागे मांजर आपणहून येते. कुणी आणत नाही, कुणी नाव ठेवलेच तर मनी नाहीतर बोका. निवारागृह नाही, दत्तक मेळावे नाहीत. तरीही म्हातारी, माणसाळलेली, बेघर झालेली मांजरे गावात आहेत, आणि ती बहुतेक म्हाताऱ्या माणसांच्याच घरांतून आलेली असतात. आजोबा जातात, आजींना मुलगा पुण्याला नाहीतर नाशिकला घेऊन जातो, घराला कुलूप लागते. सिलिंडर एकाकडे, तुळशीची कुंडी दुसऱ्याकडे, दुभते जनावर तिसऱ्याकडे जाते. मांजर कुणाच्याच वाटणीत येत नाही. ते बंद दारासमोरच्या ओट्यावर बसून राहते. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पण कुलूप लावून गेलेल्या कुटुंबावर कुणी फिर्याद करणार नाही, आणि केली तरी मांजराची सोय त्यातून होणार नाही. सोय करू शकते ती माणसांची ओळखपाळख असलेली संस्था. तशी संस्था म्हणजे तुमचे संघ.

आता पोक्त मांजरच का, याचा हिशेब मांडतो. घरात नीट सांभाळलेले मांजर साधारण बारा ते अठरा वर्षे जगते. टेक्सासमधले क्रीम पफ नावाचे मांजर 1967 ते 2005 अशी 38 वर्षे जगले, पण तो जागतिक विक्रम आहे, त्यावर संसार उभारता येत नाही. नमुना नोंदणी पद्धतीची आकडेवारी पाहिली तर आपल्या देशात सत्तरीला पोचलेल्या माणसापुढे सरासरीने अकरा वर्षांच्या आसपास आयुष्य उरलेले असते, आणि त्यातली सगळी वर्षे हातीपायी धडधाकट असतीलच असे नाही. सत्तराव्या वर्षी पिल्लू आणणारा माणूस स्वतःच्या पंच्याऐंशीपर्यंतचे वचन देत असतो. नऊ वर्षांचे मांजर घेणारा पाच-आठ वर्षांचे वचन देतो, आणि ते पाळता येण्यासारखे असते. वयाची गोष्ट काढली की आपल्याकडे माणसे कानावर हात ठेवतात, शुभ बोला म्हणतात. तुमच्या संघांत मात्र मृत्युपत्राची शिबिरे होतात, देहदानाचे अर्ज भरले जातात. तेव्हा हा हिशेब तुमच्यापुढे संकोच न करता मांडायला हरकत नसावी.

वर्षांचा हिशेब बाजूला ठेवला तरी पिल्लू म्हाताऱ्या घराला जड जाते. पिल्लू पायांत घुटमळते, पडद्यावर चढते, रात्री दोनला भांडी पाडते, हलणाऱ्या प्रत्येक बोटावर झडप घालते. सत्तरीत कातडी पातळ झालेली असते, अनेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, मधुमेहात जखम रेंगाळते. मांजराच्या ओरखड्यातून होणारा बार्टोनेला जंतूचा संसर्ग प्रामुख्याने पिल्लांकडून होतो. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती डॉक्टर घालतात, त्याचेही तेच. मांजर त्याची अंडी विष्ठेतून सोडते ती बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतरचे दोन-तीन आठवडे, आणि ही लागण सहसा लहानपणी शिकारीला लागल्यावर होते. शिवाय ती अंडी संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणजे वाळू रोजच्या रोज साफ केली तर धोका आणखी उतरतो. दहा वर्षांचे, घरातच खाणारे मांजर या दोन्ही बाबतींत पिल्लापेक्षा निर्धोक असते. रेबीजचे तसे नाही. त्यात वय पाहायचे नाही. मांजराला दरवर्षी लस, आणि कोणत्याही मांजराचा दात लागला तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचे. हळद-चुना लावून दोन दिवस वाट पाहणारी माणसे अजून आहेत, म्हणून हे वाक्य पत्रात घालावे लागते.

पडण्याची भीती सर्वांत खरी. खुब्याचे हाड मोडले की म्हातारा माणूस अंथरुणाला खिळतो, हे तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने 2009 मध्ये आकडे प्रसिद्ध केले होते. कुत्र्या-मांजरांमुळे पडून इजा झालेले तिथले लोक वर्षाला सरासरी 86 हजारांहून अधिक, आणि हाड मोडण्याचे प्रमाण पंच्याहत्तरीपुढे सर्वाधिक. पण त्यातल्या सुमारे 88 टक्के घटना कुत्र्यांमुळे घडलेल्या होत्या. साखळीला हिसका देणारे जनावर आणि दिवसातले बरेच तास निजणारे जनावर यांत हा फरक पडायचाच. उरलेला धोका मांजराच्या वयाबरोबर कमी होतो, शून्य होत नाही. रात्री संडासाच्या वाटेवर बारीक दिवा ठेवावा, गळपट्ट्याला घुंगरू बांधावे. घंटा कोण बांधणार हा प्रश्न उंदरांचा होता, आपला नाही.

मांजर पाळल्याने रक्तदाब उतरतो, हृदय सुधारते, आयुष्य वाढते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. संघांनी हा मोह टाळावा. पुरावा दोन्हीकडे ओढतो. एरिका फ्रीडमन आणि सू थॉमस यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या वर्षभरात कुत्रा पाळणारे जास्त तगले होते, मांजर पाळणाऱ्यांना तो लाभ दिसला नव्हता. 2009 च्या दुसऱ्या एका अमेरिकी पाहणीत मांजर पाळणाऱ्यांत झटक्याने होणारे मृत्यू कमी आढळले. असे उलटसुलट निष्कर्ष असताना मांजर औषध म्हणून कुणाच्या गळ्यात मारणे बरे नाही. एकटेपणाच्या बाबतीत मात्र थोडे ठामपणे बोलता येते. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी साठीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या लोकांना निवारागृहातली मांजरे सांभाळायला दिली. चार महिन्यांनी त्यांचा एकटेपणा मोजणीत कमी भरला, आणि मुदत संपल्यावर बहुतेकांनी मांजर परत न करता कायमचे ठेवून घेतले. अभ्यास लहान होता, सहभागी तीससुद्धा नव्हते, म्हणून त्यावर फार इमले बांधू नयेत. पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. खर्चाची अडचण त्या प्रकल्पाने आधीच दूर केली होती. म्हणजे म्हातारी माणसे मांजर नको म्हणतात ती प्रेम आटले म्हणून नाही, मागे दवाखान्याचा खर्च लागेल या धास्तीने. आपल्याकडे वृद्धांविषयीच्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीत साठीपुढचे सुमारे सहा टक्के लोक पूर्ण एकटे राहताना आढळले. जोडीदाराबरोबर पण मुलांवाचून राहणारे वेगळे. द्राक्षांच्या मळ्यातल्या वस्तीवर संध्याकाळी सातनंतर घरात दुसरा आवाज नाही, अशी घरे निफाड तालुक्यात शोधायला लागत नाहीत.

‘मांजर घराला धरून असते, माणसाला नाही’ ही आपली जुनी समजूत, आणि मोठ्या मांजराला नव्या घरात नेण्याविरुद्धचा मुख्य आक्षेप हाच. त्यात तथ्य आहे ते जागेच्या सवयीपुरते. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेले मांजर परत येते, ते वास आणि वाटा ओळखून. पण माणसाशी नाते जडत नाही हे खरे नाही. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या क्रिस्टिन व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवले की अनोळखी खोलीत थोडा वेळ एकटे ठेवल्यावर सांभाळणारा माणूस परत आला की जवळपास दोन-तृतीयांश मांजरे निवांत होतात, त्याच्याकडे जाऊन येतात आणि पुन्हा खोली धुंडाळू लागतात. लहान मुले आईच्या बाबतीत करतात तसेच. हे प्रमाण पिल्लांत आणि मोठ्या मांजरांत जवळजवळ सारखे निघाले. वय वाढले म्हणून जीव लावण्याची ताकद जात नाही. फक्त वेळ द्यावा लागतो. नव्या घरात पहिले काही आठवडे एकाच खोलीत ठेवणे, जुन्या घरातली गोधडी न धुता सोबत आणणे, खाण्याची वेळ न बदलणे, आणि ते पलंगाखाली लपले तर ओढून बाहेर न काढणे, एवढे पुरते. तुमच्या सभासदांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर पहिला महिना कसा जातो हे त्यांना ठाऊक आहे.

म्हातारे मांजर आजारी पडणार, हा आक्षेप मात्र पूर्ण मान्य करायला हवा. पशुवैद्यक दहा वर्षांपुढच्या मांजराला वृद्ध गणतात. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, थायरॉइड वाढणे, दात किडणे या तक्रारी या वयात नेहमीच्या. 2002 च्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत नव्वद जणांच्या सांध्यांची झीज दिसली होती. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, म्हणून ही झीज घरच्यांच्या ध्यानात येत नाही. ध्यानात येते ती बारकाईने पाहिले तर. पूर्वी एका उडीत ओट्यावर जाणारे मांजर आता खाली थांबते, वर पाहते, पुढचे पंजे टेकवते आणि मागचा भाग ओढून घेते. उतरताना भिंतीला घासत उतरते. पाठीमागची लव विस्कटलेली राहते, गाठी होतात, कारण मान तिथवर वळत नाही. नखे झिजत नाहीत, वळून पंजाच्या गादीत रुततात. पाण्याचे भांडे पूर्वीपेक्षा लवकर रिकामे होऊ लागले तर मूत्रपिंडाकडे पाहायला हवे. या सगळ्यावरचे उपाय घरातलेच आहेत. ओट्याखाली एक पाट ठेवला की पायरी झाली. वाळूसाठी उंच कडांची बादली न घेता पसरट घमेले घ्यावे. टोमॅटोचा रिकामा क्रेट आडवा ठेवून आत गोधडी अंथरली की बिछाना झाला. निफाडात थंडीत पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्या रात्री मांजराचे सांधेही आखडतात, आणि माणसाचेही. संधिवात म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाला मांजराची अडचण सांगावी लागत नाही, आणि म्हणूनच हे मांजर तरुण घरापेक्षा या घरात बरे राहील असे मी म्हणतो.

इथे एक ताकीद ठळक द्यायला हवी. सांधे दुखतात म्हणून आपली गोळी मांजराला देणे जीवघेणे आहे. मांजराच्या यकृताला पॅरासिटॅमॉल पचवता येत नाही. 500 मिलिग्रॅमची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. म्हाताऱ्या माणसांच्या घरात गोळ्यांची वाटी टेबलावर उघडी असते, ती डब्यात जायला हवी. वाटीभर दूधही मोठ्या मांजराला बहुधा सोसत नाही, पोट बिघडते. आणि कुणी उंदरांना झिंक फॉस्फाइड घातले असेल तर त्या दिवसांत मांजराला बाहेर सोडू नये.

डॉक्टरचा प्रश्न गावांत बिकट आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभे राहिले, तिथे मांजर घेऊन गेलेल्या आजोबांकडे लोक पाहत राहतात. 1962 या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते, पण रक्ततपासणी आणि दातांच्या कामासाठी नाशिकच गाठावे लागते, पिंपळगावहून तीसेक किलोमीटर. क्रेटला क्रेट तोंडाशी बांधला की हवा खेळणारा पिंजरा तयार होतो, एसटीत ठेवताही येतो. पण पंच्याहत्तरीच्या माणसाने तो एकट्याने न्यावा अशी अपेक्षा ठेवू नये. संघातल्या कुणाची ना कुणाची गाडी आठवड्यात नाशिकला जातेच.

शाकाहारी घरांबाबत माझे मत स्पष्ट आहे आणि ते काहींना रुचणार नाही. मांजर मांसाहारीच प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला मांस-मासळीतून घ्यावे लागते. ते कमी पडले की डोळे जातात आणि हृदयाचा स्नायू फुगून दुबळा होतो, हे 1987 पर्यंत संशोधनातून पक्के झाले. दूध-पोळीवर ठेवलेले मांजर तगते ते बाहेर उंदीर मारून. म्हातारे झाल्यावर तेही जमत नाही. गळ्यात माळ आहे, घरात अंडेही चालत नाही, तयार खाद्याचा पुडाही उंबऱ्याच्या आत नको, अशा घराने मांजर घेऊ नये. यात कुणाचा अपमान नाही. सोवळ्याओवळ्याची अडचण त्यामानाने किरकोळ, देवघराला दार लावले की मिटते.

पक्ष्यांचा आक्षेप आपल्या तालुक्याला विशेष लागू आहे, कारण नांदूर मध्यमेश्वर हे पाणपक्ष्यांचे ठिकाण, महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, निफाडातच आहे. अमेरिकेत मांजरे वर्षाला किमान 130 कोटी पक्षी मारतात असा अंदाज 2013 मध्ये निघाला, आणि त्यातला मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा होता. म्हणजे ओट्यावर टाकून दिलेले मांजर घरात घेणे पक्ष्यांच्याही हिताचेच. संख्येची भीती घालणारे फेब्रुवारी 2025 मधल्या हडपसरच्या सदनिकेचे उदाहरण देतील, जिथे तीनशेच्या आसपास मांजरे सापडली. ती स्थिती नसबंदीवाचून आणि मोजदादीवाचून येते. मांजरी सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात दोन-तीन वेळा वितेच. एका घरात एक, फार तर दोन, आणि नसबंदी झालेलीच, हा नियम संघाने घालून द्यावा आणि तो मोडणाऱ्याला नाही म्हणावे.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत मऊ आवाजात घेतला जातो. ‘आधीच इतकी माणसे गेली, आता पाच वर्षांत मांजरही जाणार, कशाला जीव लावायचा?’ याला आकडेवारीने उत्तर देता येत नाही. एवढेच म्हणता येईल की दुःख टाळण्यासाठी पिल्लू घेतले तर दुःख टळत नाही, ते मांजराच्या वाट्याला जाते. माणसाला शोक करता येतो, शेजारी येऊन बसतात. मांजर बंद दारासमोर बसते. दोघांपैकी एकाला मागे राहायचे असेल तर माणसाने राहावे, असा माझा पक्ष आहे.

तरी वयाच्या हिशेबाला अपवाद असतात, माणूस आधी जाऊ शकतो किंवा आजारपणात मुलाकडे जाऊ शकतो. म्हणून हमी. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यात 1985 मध्ये स्थापन झालेला सिनॅमन ट्रस्ट हेच काम करतो. वृद्ध किंवा आजारी मालकाच्या प्राण्याला स्वयंसेवक फिरवून आणतात, दवाखान्यात नेतात, मालक रुग्णालयात असेल तोवर सांभाळतात, आणि मालकामागे आधी ठरल्याप्रमाणे त्याला घर मिळवून देतात. आपल्याकडे प्राण्याच्या नावे मालमत्ता ठेवता येत नाही, पण अमुक व्यक्तीने त्याला सांभाळावे आणि त्यासाठी तिला अमुक रक्कम मिळावी, असे मृत्युपत्रात लिहिता येते. रतन टाटा यांच्या मृत्युपत्रात पाळीव प्राण्यांसाठी 12 लाख रुपयांची तरतूद असल्याचे वृत्तपत्रांत आले होते. सभासदांकडे लाखांची भाषा नसेल. त्यांना रकमेपेक्षा नाव हवे आहे, मांजर कोण नेईल त्याचे.

ते नाव संघाच्या सभासद-अर्जात येऊ शकते. आजार, रक्तगट, जवळच्या नातेवाइकाचा फोन हे रकाने बहुतेक अर्जांत असतात. त्यांच्याखाली दोन वाढवावेत. घरात पाळीव प्राणी आहे का, आणि तुमच्या गैरहजेरीत तो कोणी सांभाळायचा, सांभाळणाऱ्याच्या सहीसह. संघाच्या वहीच्या मागच्या पानावर, घर बंद होणार असलेल्यांची मांजरे आणि मांजर हवे असलेली घरे यांची नोंद ठेवावी. वेगळा निधी लागणार नाही, कार्यालय लागणार नाही, एक जबाबदार कार्यकर्ता लागेल, शक्यतो साठीच्या आतबाहेरचा. 1 ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला तुमचे संघ कार्यक्रम घेतातच. निफाड तालुक्यातल्या संघांनी त्या दिवशी हे दोन रकाने छापलेले अर्ज वाटले, तर पहिली नोंद दिवाळीच्या आत होईल आणि थंडी पडण्यापूर्वी काही मांजरे ओट्यावरून घरात आलेली असतील. अर्जाचा मसुदा तयार करण्यात हातभार लावायला मी तयार आहे.

आपला,
पिंपळगाव बसवंत येथील एक रहिवासी
ता. निफाड, जि. नाशिक